पाऊण तास आधी

‘रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. आभाळ मोकळं. पहाटे मतलई वारा, हलका, हातांना गार लागेल इतकाच. पाणी शांत. गोराई जेट्टीवरून सुटलो ५.४०.’ — हे बघ केतन, इथे लिहिलंय, त्याच दिवशी संध्याकाळी, केस ओले असताना बसून लिहिलंय, आणि तू मला सांगतोस की ताई, तुम्हाला धक्का बसलाय, तुम्हाला नीट आठवत नसेल? बस ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे पलंगावर बस. पार्ल्याहून बोरीवली, तिथून रिक्षाने आमच्या गोराईच्या म्हाडात, तेही गुरुवारी, ऑफिसला दांडी मारून — गळवाल्यांच्या ग्रुपचा ॲडमिन म्हणून आला नाहीस तू, मेहुण्यासाठी आलायस. प्रीतमच्या गळपट्टीचं हाड कसं आहे? सहा आठवडे? बरं. लवकर बरं होवो, मनापासून म्हणते. तो कागद आण इकडे. नाही, पेन नको, पेन माझ्याकडे आहे, आधी वाचू तर दे.

‘नाखवा गुणाजी हा मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत होडी चालवत होता.’ वा. मराठी छान आहे, कुणी लिहिलं? ‘त्याच्या निष्काळजीपणामुळे होडी वाळूच्या पट्ट्यावर आदळून उलटली. आम्ही दोघे प्रवासी वारंवार सूचना देत असतानाही —’ आम्ही दोघे म्हणजे मी आणि प्रीतम. वारंवार सूचना. खाली प्रीतमची सही, डाव्या हाताने केलेली दिसते, आणि माझ्या सहीला जागा ठेवलीय, फुलीसुद्धा मारून ठेवलीय पेन्सिलने. मी वीस वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर नावं लिहितेय रे, मला सही कुठे करायची ते फुलीशिवाय कळतं.

आणि हे बंदराच्या ऑफिसात गेलं की गुणाजीचा माणसं न्यायचा परवाना गेला. हो की नाही? मान हलवू नकोस, बोल. राहू दे, नको बोलूस, मलाच माहीत आहे. एकसष्ट वर्षांचा माणूस, पोरं कुणी होडीवर नाहीत, रविवारी आपल्यासारखे हौशी लोक गळ टाकायला नेतो म्हणून ती होडी अजून पाण्यात आहे. आता तर तिचा तळ फुटलाय. आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. मी काल जाऊन बघून आले. तू गेलास? नाही ना.

आता दारूचं ऐक. दारू होती. प्रीतमची होती, क्वार्टर, त्याच्या निळ्या सॅकच्या बाहेरच्या खिशात. गुणाजीच्या अंगाला वास येत होता हेही खरं, नंतर किनाऱ्यावर पोलिसांना आला तो खरा वास होता. पण तो अंगाला कसा लागला? सांगते. ‘१०.४०. प्रीतमच्या गळाला पाकट. रुंदी अंदाजे दोन हात.’ पाकट माहीत आहे ना तुला — तूच ग्रुपवर फोटो टाकला होतास मागे, चपटं, शेपूट चाबकासारखं आणि शेपटीत काटा. गुणाजी म्हणाला दोरी काप, वर घेऊ नको. एकदा नाही, तीनदा म्हणाला. प्रीतम म्हणाला, एक फोटो, काका, एकच फोटो, लाइफमध्ये असं परत नाही मिळणार. आणि माझ्या हातात फोन दिला. मी — हो, फोटो मी काढत होते. फोन माझ्या हातात होता, म्हणून माझे दोन्ही हात अडकलेले. प्रीतमने ते धूड काठावरून आत ओढलं, त्याने शेपूट फिरवलं, ते प्रीतमच्या मांडीवर बसायचं, गुणाजीने मध्ये हात घातला. तळहातात. काटा आरपार नाही गेला पण मोडून आत राहिला. तुझ्या मेहुण्याच्या मांडीसाठी. हे त्या कागदात कुठे आहे? फोटो आहे हं माझ्याकडे. म्हणजे प्रीतमच्या फोनमध्ये आहे, फोन समुद्रात आहे.

मग प्रीतमने, घाबरून, आख्खी क्वार्टर त्या हातावर ओतली. इन्फेक्शन नको म्हणून. अंगावर, शर्टावर, सगळीकडे. मी म्हटलं थांब, पाकटाच्या विषाला गरम पाणी लागतं, सोसेल तेवढं गरम. माझ्या थर्मासमध्ये कोरा चहा होता, बिनसाखरेचा, तो मी त्याच्या हातावर धरला. त्याचा सगळा हात कोपरापर्यंत सुजला होता, ओठ पांढरे. तो पुढच्या बाजूला जाळ्यावर आडवा झाला. शुद्धीत नव्हता. मशीन कुणी चालवायचं? प्रीतम तर ओकत होता. मग मी बसले मागे, हँडल धरलं. मी! तुझ्या ग्रुपचा नियम नंबर चार, नाखव्याशिवाय कुणी सुकाणू धरायचं नाही — माहीत आहे मला, तो नियम टाइप करायला मीच सांगितलं होतं तुला. धरलं. गुणाजीने तीन वर्षांत मला शिकवलंय, सरळ पाण्यात मी चालवते, चांगली चालवते. तेव्हा पहिली गोष्ट, होडी गुणाजी चालवत नव्हता, मी चालवत होते. तो शुद्धीतच नव्हता, तर निष्काळजीपणा कसला करणार? हे मी लिहून ठेवलंय, माझं स्वतःचं निवेदन, काल लॅबमधून आल्यावर, दोन प्रती. बघायचंय? बघशील. चहा घेणार? नको? बरं.

तू मनात म्हणत असशील, ही बाई एवढी कशाला तोंड वर करून बोलतेय. म्हण ना. प्रीतमने त्या दिवशी सुटताना काय म्हटलं होतं, वहीत आहे. मी होडीत चढताना माझा पाय घसरला जरा, तर म्हणाला, ‘ताई, सांभाळून, तुम्हा लोकांना समुद्राची सवय कुठली.’ तुम्हा लोकांना. जालन्याच्या लोकांना, की बायकांना, की अजून कुठल्या लोकांना, मी विचारलं नाही. हसले. माझा बाप जालन्याहून आला तेव्हा त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला, बूट काढून काठावर उभा राहिला आणि म्हणाला, एवढं पाणी आणि कुणाच्या मालकीचं नाही! मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं की मला त्या पाण्यावर बसायला आवडतं. गळ टाकून तीन तास गप्प बसायला. तुमच्यातले अर्धे जण अर्ध्या तासात मोबाइल काढतात. मी बसते. आणि लिहिते — वारा, पाणी, कुठला मासा, कुठल्या आमिषाला. एकोणीस वह्या. आधी ग्रुपमध्ये हसायचे, मग हळूच फोन करायचे, ताई, गेल्या वर्षी डिसेंबरात पालू कुठे लागला होता हो? तूही केलायस.

भरतीचं गणितही माझंच विचारायचे. ते मला गुणाजीने शिकवलं. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती. पौर्णिमा-अमावस्येपासून मोजायचं. फोनमध्ये बघता येतं, माहीत आहे मला, मी काही आदिमानव नाही. पण ते गणित पेन्सिलने केलं की मला बरं वाटायचं. गुणाजी म्हणायचा, ‘बाय, तू तं कोलीनच झाली.’ मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.

आता खाडीचं तोंड. मनोरीजवळ वाळूचा पट्टा आहे, आडवा. ओहोटीला वर दिसतो. आत यायचं तर भरती निम्मी तरी चढली पाहिजे, म्हणजे पूर्ण भरतीला तीन तास उरले की, त्याच्या आधी नाही. मी आदल्या दिवशी गणित करून ठेवलं होतं. पौर्णिमा बुधवारी. गुरुवार एक, शुक्रवार दोन, शनिवार तीन, रविवार चार. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती. तीन तास मागे, बाराला पट्टा ओलांडता येतो. आम्ही पट्ट्याशी आलो ११.५५. मला वाटलं, काय नेमकं आलं बघ! वारा आता फिरला होता, समुद्राकडून यायला लागला होता, मागून लाटा येत होत्या, मोठ्या नाहीत, गुडघ्याएवढ्या. गुणाजीचा हात काळानिळा. मी पट्ट्यावरचं पाणी बघितलं, ते जरा पांढरं फुटत होतं, पण मी घड्याळ बघितलं, आणि मशीन पुढे घेतलं. तो म्हणाला, थांब गो बाय, पानी भरूं दे, मी म्हटलं झालंय गणित माझं, आणि —

काय?

काय म्हटलं मी?

बघ कसा ताठ बसलास. आल्यापासून पहिल्यांदा मान वर केलीस. हो. बोलला तो. शुद्धीत होता. डोळे मिटलेले होते पण शुद्धीत होता, त्याने डोळे न उघडता सांगितलं, पाण्याच्या आवाजावरून सांगितलं असेल. एकदा नाही. दोनदा. दुसऱ्यांदा डावा हात वर केला. थांब म्हणून. मी बघितला तो हात.

ही वही बघ. घे हातात, घे. ११.५५च्या खाली एक ओळ कोरी आहे, दिसतेय? एकोणीस वह्यांत तुला दुसरी कोरी ओळ दाखवता आली तर मी आत्ता तुझ्या कागदावर सही करते. आणि माझ्या निवेदनात लिहिलंय, ‘गुणाजी बेशुद्ध होता.’ मला वाटलं, त्याच्यासाठीच लिहितेय. बेशुद्ध माणसाला कोण काय बोलणार? अर्धं त्याच्यासाठीच होतं. अर्धं — ते जाऊ दे. अर्धं कुणासाठी होतं ते तुला कळतंय.

हातासाठी घाई केली असं मी स्वतःला सांगितलं चार दिवस. हात तर पाऊण तासानेही तेवढाच सुजला असता. ‘तुम्हा लोकांना समुद्राची सवय कुठली’ — तो समोर बसून ओकत होता आणि मी त्याला दाखवणार होते, नेमक्या बाराला, नेमक्या जागेवरून, गणिताने. पंखा वाळूत रुतला, मशीन बंद. होडी आडवी फिरली. पहिली लाट आत आली, दुसरीने पालथी केली. ‘१२.०८.’ वेळ बरोबर आहे, माझं घड्याळ तेव्हाच थांबलं. प्रीतमने लाइफ जॅकेट घातलं नव्हतं, त्यावर बसला होता तो, गादी करून. काठ त्याच्या खांद्यावर आला. मी गुणाजीची कॉलर धरली आणि ओरडले, वाचवा, बुडतोय, जीव खाऊन ओरडले. आणि आम्हाला वाचवायला कोण आलं माहीत आहे? पलीकडे वाळूत तिसऱ्यांचे शिंपले काढत बसलेल्या चार बायका. चालत आल्या. पळत नाही, पोहत नाही, केतन, चालत! पदर खोचून, टोपल्या बाजूला ठेवून. कमरेएवढं पाणी. मी नुसते पाय टेकवले असते तर उभी राहिले असते. हस ना, हसण्यासारखंच आहे. एकीने गुणाजीला खांद्यावर घेतलं, दुसरी मला म्हणाली, ‘बाय, आज पंचमी हाय, पाऊण तास कळ काढली असतीस तं होडी सुखानं गेली असती.’

पंचमी. मी म्हटलं, चतुर्थी. ती म्हणाली, चतुर्थी काल झाली, संकष्टी नव्हती का काल?

आता हे तुला सांगते ते त्या बंदराच्या साहेबालाही कळणार नाही, तुला कळेल, तुझी आई संकष्टी करते. आमच्या घरात पंचांगाचं कॅलेंडर नाही. ते बघ भिंतीवर, बाबासाहेबांचं आहे, त्यात पौर्णिमा, अमावस्या असतात, मधल्या तिथ्या नसतात. आम्हाला लागत नाहीत. म्हणून मी पौर्णिमेपासून बोटांवर मोजते. तीन वर्षं बरोबर आलं. कधी चुकलंही असेल, उघड्या पाण्यात कळलं नसेल. पण तिथीचा क्षय होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं — म्हणजे मध्येच एक तिथी गळते, तो आकडा सोडून पुढचा धरायचा. शनिवारी तृतीया संपली, चतुर्थी आली आणि रविवार उजाडायच्या आत संपलीसुद्धा. मी रविवारी चार म्हटलं, होते पाच. पाचाची पाऊणपट पावणेचार. पट्टा ओलांडायचा तो पाऊण वाजता. पाऊण तासाचा फरक. गुणाजीच्या पंचांगात छापलेलं होतं, त्याला न विचारता मी माझं घड्याळ बघितलं.

आणि ऐक, अजून आहे. शनिवारी संध्याकाळी वरच्या सुगंधाबाई आल्या, हातात ताटली. मोदक. म्हणाल्या, संकष्टीचे आहेत, वनमाला, तू मानत नाहीस पण खातेस ना? मी म्हटलं, द्या की. पाच होते. पाचही खाल्ले, इथे, या टेबलावर, डाव्या हाताने खात होते आणि उजव्या हाताने पेन्सिलने लिहीत होते, ‘उद्या चतुर्थी.’ संकष्टीचा मोदक तोंडात, आणि लिहितेय उद्या चतुर्थी! सारणाचा डागसुद्धा आहे पानावर, हे बघ.

नाही, आता तू बोलू नकोस. मला माहीत आहे काय बोलणार. ताई, मग तर सोपं झालं, ताई, हे कुणाला सांगायची गरजच नाही, गुणाजीवर टाकू, तो बोलणार नाही. बरोबर आहे, तो बोलणार नाही. काल मी त्याच्या घरी गेले तेव्हा तोच म्हणाला, बाय, हात माझा, होडी माझी, तू मधी पडू नको. त्याने कुणाला सांगितलं नाही की तो थांब म्हणाला होता. बायकोलाही नाही. मी तिथे बसले होते, ती मला चहा देत होती, म्हणत होती, ताई, तुम्ही होतात म्हणून हे वाचले. मी तो चहा प्यायले, केतन. सगळा प्यायले.

आण तो कागद. तुझा नाही, तुझा तुझ्याजवळच ठेव, मेहुण्याला परत दे, त्याला सांग की डाव्या हाताची सही वाया गेली. माझा. दोन्ही प्रती. ‘गुणाजी बेशुद्ध होता’ — खोडते. नुसती एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, लॅबमध्ये असंच खोडतात, चुकलेलं दिसलं पाहिजे आणि बाजूला सही पाहिजे. आता वर लिहिते. ‘११.५५. गुणाजी दोनदा म्हणाला, थांब. मी थांबले नाही.’ आणि वहीतल्या कोऱ्या ओळीत पण. हेच. पाकटाचंही आहे, फोटोचंही, क्वार्टरचंही, जॅकेटवर बसण्याचंही, माझं आणि त्याचं दोघांचंही आहे, कुणाला सोडलेलं नाही.

काढा मला ग्रुपमधून. आत्ता काढ, माझ्यासमोर, फोन आहे ना हातात? प्रीतम म्हणेल बघा, सांगितलं नव्हतं, समुद्राची सवय नाही. म्हणू दे. चुकायला आधी समुद्रावर जावं लागतं. चूक माझी आहे, माझ्या नावावर आहे, तारीख-वेळेसकट आहे, आणि ती मी कुणा म्हाताऱ्याच्या सुजलेल्या हातात ठेवून घरी येणार नाही. परवाना राहिला तर मी त्याच्याच होडीत जाणार. त्याची बोटं वळली नाहीत तर हँडल मी धरीन. आणि तो थांब म्हणाला की थांबेन, पाऊण तास काय, दिवसभर थांबेन. बंदी आलीच माझ्यावर, तर जेट्टीवर बसून टाकीन गळ. जेट्टी कुणाच्या ग्रुपची नाही.

ही एक प्रत तुझी. घे रे, चावत नाही. दुसरी उद्या अकराला मी स्वतः नेऊन देणार, अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. आता ऊठ. सहाच्या आत निघालास तर रिक्षा मिळेल. चप्पल ती तुझीच ना, डावी? उलटी पडलीय बघ. दार ओढून घे, नुसतं लोटू नकोस, लागत नाही ते.

थांब, एक मिनिट. दारातच थांब. आजचं लिहिते, तू साक्षीला आहेस तोवर.

‘गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५. आभाळ मोकळं. वारा पडलेला. केतन आला ४.५०. चहा घेतला नाही. त्याच्या कागदावर सही केली नाही. माझ्या कागदावर केली, दोन प्रती, दुरुस्तीशेजारी वेगळी. एक प्रत त्याने नेली. ५.४०.’